गोठ्याला सागवानी खिडक्या

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

ती. आक्कांस,
बनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमचे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल स्वतःच्या गुडघ्यांना लावता की म्हशींच्या शिंगांना लावून संपवता, ते खरं कळवा. हे पत्र पिराजीजवळ दिलंय. यांनी माझ्या फोनमधून तुमचा नंबर काढून टाकला, तेव्हा नणंद-भावजयीचा संबंध संपवला असं यांना वाटलं. पण पिराजी रोज सकाळी तुमच्याच गोठ्यातलं दूध आमच्याकडे घालतो, हे यांच्या गावीही नाही. चहा पिताना दूध झकास हाय म्हणतात. कुणाचं आहे ते मी सांगत नाही, आणि सांगायची इच्छाही नाही.

पत्राचं कारण असं. यशराजचं लग्न ठरलं. मुलगी कराडची, नाव शिवानी, गुणी वाटली. मुहूर्त अकरा मेचा आहे. देवक इथं घरातच बसायचं आणि नवरदेवही इथूनच निघायचा, म्हणून यांनी आणि यशराजनं मिळून घर नवं करायचं काढलंय. पहिला घाव घातला तो खिडक्यांवर. रस्त्याकडच्या सातही सागवानी खिडक्या उपटायच्या आणि तिथं अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवायच्या. यशराजचं म्हणणं, झडपांत धूळ बसते, कड्या धड लागत नाहीत आणि एसी लावला तरी थंडावा बाहेर जातो. काल दोन काढल्या. अंगणात टेकवून ठेवल्यात. कमानीतल्या निळ्या काचांचा उजेड इतकी वर्षं माजघरात पडायचा, तो आता स्कूटरवर पडतो.

आपली गल्ली वारसा क्षेत्रात मोडते, रस्त्याकडचं काही बदलायचं तर वारसा समितीची परवानगी लागते, असं समोरच्या वकिलीणबाई म्हणाल्या. मी यांच्या कानावर घातलं. तर म्हणाले, घर माझ्या आजोबानं बांधलंय, समितीच्या न्हाय.

जुन्या बाजारातला माणूस बघायला येणार म्हणून मला खिडक्या पुसून ठेवायला सांगितलंय. पुसताना आपल्या प्रियाची वरात डोळ्यांपुढं आली. तुम्हाला माहीत आहेच, त्या दिवशी या कड्या यांनी माझ्याच हातानं लावायला लावल्या होत्या. खाली बँड वाजत होता, तुम्ही रस्त्यात थांबून वर बघत होता आणि मी एकेक झडप ओढत होते. भाचीला ओवाळायचं ते राहिलं आणि मामीनं कड्या लावल्या. त्याबद्दल मी यांना माफ केलेलं नाही, आणि आता करीन असंही वाटत नाही.

उत्तर पिराजीजवळच द्यावं. दुधात पाणी घातलंत तरी चालेल, माझ्यावरची माया मात्र पातळ होऊ देऊ नका.

आपली,
बना

* * *

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कसबा बावडा
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. बना हीस,
चिमणाआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला वेगवेगळी मजा आली. तेल गुडघ्यांनाच लावते. म्हशींना ते परवडायचं नाही.

आता बसून वाच, नाहीतर हातातलं भांडं पडेल. आपल्या खिडक्या माझ्याकडे आहेत. सातच्या सात. तू त्या बाजारवाल्याचा पत्ता पिराजीबरोबर पाठवलास, त्याच दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन गेले. मी कोण, कुठली, काही सांगितलं नाही. गोठ्याला जुन्या खिडक्या हव्यात म्हणाले. त्याला वाटलं, म्हातारीला वेड लागलंय. एवढ्या चांगल्या मालाला गोठा कशाला, हॉटेलवाले घेतील, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या म्हशी हॉटेलातल्या गिऱ्हाइकांपेक्षा सभ्य आहेत. वैरणीच्या ट्रॉलीतून, वर कडबा टाकून खिडक्या बावड्याला आणल्या. गवंडी लावून गोठ्याच्या भिंतीत बसवल्यासुद्धा. सकाळी पूर्वेचं ऊन निळ्या-हिरव्या काचांतून म्हशींच्या पाठीवर पडतं. तुझे सासरे, आमचे आण्णा, ज्या खिडकीत बसून गुळाचे भाव वाचायचे, त्या खिडकीच्या फळीवर माझी मुऱ्हा म्हैस हनुवटी टेकून रवंथ करते. मी समोर बाजलं टाकून बघत बसते. तीन वर्षांत असं पोटभर सुख मिळालं नव्हतं.

बना, तुला सगळं ठाऊक आहे, तरी आज मनातलं लिहितेच. प्रियाचे बाबा वरात बघायला राहिले नव्हते. बापाच्या जागी मामा उभा राहील असं मी धरून चालले होते. जावई प्रसेनजीत बौद्ध आहे म्हणून सयानं लग्नात पाऊल ठेवलं नाही, ते मी गिळलं. मंडपात मामाची जागा रिकामी राहिली, तेही गिळलं. पण वरात माझ्या माहेराखालून गेली आणि माझ्या भावानं खिडक्या लावून घेतल्या. माझी पोर मान वर करून बघत होती. सगळी गल्ली बघत होती. तिथंच रस्त्यात, कपाळाला जोतिबाचा गुलाल होता, त्याला हात लावून मी सांगितलं की या तोंडानं सयाशी एक शब्द बोलणार नाही. ते मी पाळलंय.

मला आता एकच हवंय. ज्या घरानं माझ्या पोरीला बघून खिडक्या लावल्या, त्या घरच्या कर्त्यानं तिच्या दारात जायचं, अक्षता द्यायच्या आणि दोघांना मानानं लग्नाला बोलवायचं. त्याशिवाय माझा जीव थंड होणार नाही.

खिडक्या भिंतीत पक्क्या झाल्यावर, म्हणजे काल, मी समितीला अर्ज टाकला. फोटो जोडले. खाली नावही लिहिलं, भीती कुणाची? आधी टाकला असता तर त्यानं अंगणातल्याच खिडक्या उचलून परत बसवल्या असत्या. घाईत सूड घ्यायला मी काय यशराजच्या वयाची आहे?

पत्र वाचून चुलीत घाल. गॅसवर जाळलंस तर घरभर वास येईल. तुझ्या सुखात माझं सुख आहे, तेवढं सयाच्या सुखात धरू नकोस.

तुझी,
आक्का

* * *

शाहूपुरी, कोल्हापूर
५ मार्च २०२५

ती. आक्कास,
सयाजीचा नमस्कार. लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला.

महापालिकेची नोटीस आली. अॅल्युमिनियमचं काम बंद करायला लावलं, बसवलेल्या दोन खिडक्याही काढायला लावल्या. मूळच्या खिडक्या परत बसवा, नाहीतर तस्संच सागवान, तीच नक्षी, त्याच काचा करून आणा, असं लेखी दिलंय. तिथल्या साहेबानं तक्रारीचा कागद दाखवला. खाली तुझी सही. एवढी ठसठशीत सही तू बँकेतसुद्धा करत नाहीस.

मग बाजारवाल्याकडे गेलो. म्हणाला, बावड्याची एक बाई घेऊन गेली, गोठ्याला बसवणार म्हणत होती. मला तिथंच कळलं. तुला फोन केला. तू उचललास आणि एक शब्द न बोलता फोन म्हशीपुढं धरलास. मी वेड्यासारखा हंबरणं ऐकत उभा होतो. शेजारी यशराज विचारतोय, पप्पा कोण बोलतंय?

आक्का, हे वागणं बरं नाही. आजोबांनी ब्रह्मदेशी साग आणून केलेल्या खिडक्या तू शेणामुताच्या वासात लावल्यास. तू म्हणशील, मी विकल्याच होत्या. विकल्या होत्या, कबूल आहे. पण विकणं वेगळं आणि अशी घरातल्या वस्तूची विटंबना वेगळी.

प्रियाच्या बाबतीत तुझा राग मला समजत नाही असं नाही. पण माझी बाजूही बघ. भावकीत बसतो-उठतो मी. अडतीच्या दुकानात रोज चार माणसं येतात. त्या वेळी लोक काय काय बोलत होते, ते तू ऐकलं नाहीस, मी ऐकलंय. मी काय दगड मारला होता वरातीवर? खिडक्या लावल्या. माझ्या घराच्या खिडक्या लावायचा मला अधिकार नाही का?

लग्न दोन महिन्यांवर आलंय. तू घातलेले पैसे वर थोडे ठेवून देतो. टेम्पो कधी पाठवू ते कळव. लोभ ठेवावा असं लिहिणार नाही, तो तुझ्याकडे शिल्लक दिसत नाही.

सयाजी

* * *

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कसबा बावडा
११ मार्च २०२५

चि. सयाजीस,
अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीनं आशीर्वादच द्यायचे असतात, तुझी लायकी बघून ते कमी करता येत नाहीत.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, रागावलास की ओळ वर चढते. फोनवर तुझ्याशी बोललेली ती पंढरपुरी म्हैस होती. मला शपथ आहे, तिला नाही.

अधिकाराचं विचारलंस. आहे की. घर तुझं, मी हक्कसोड करून दिलंय आणि त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण खिडक्या तू बाजारात विकल्यास आणि मी बाजारात घेतल्या. त्या आता माझ्या आहेत. त्यांतून म्हशीनं बघायचं की शेळीनं, हे मी ठरवीन. विटंबना म्हणतोस, तर एक सांगते. गोठ्याच्या खिडक्या दिवसभर उघड्या असतात. रस्त्यानं कुणाचीही वरात जाऊ दे, माझी एकही म्हैस तोंड फिरवून कडी लावत नाही.

पैशाचं नाव काढू नकोस. माझी अट पैशाची नाही. तू नागाळा पार्कात प्रियाच्या घरी जायचंस. बनाला किंवा यशराजला पाठवायचं नाही, स्वतः जायचं. पाटावर, सोफ्यावर, जिथं ती बसवेल तिथं बसायचं. ती देईल तो चहा घोटभर नव्हे, सगळा प्यायचा. मग तिच्या आणि प्रसेनजीतच्या हातात अक्षता ठेवून दोघांना यशराजच्या लग्नाला बोलवायचं. एवढं केलंस की त्याच आठवड्यात खिडक्या तुझ्या दारात. नाही केलंस, तर तुझ्या व्याह्यांना प्लास्टिकच्या कागदातून घर दाखव.

तू भावकीत बसतो-उठतोस म्हणालास. ती भावकी आणि तिची तोंडं मी ओळखते. यातल्या किती जणांनी आपल्या घरची जनावरं आजारी पडली की प्रसेनजीतला बोलावलं, ते त्याला विचार. तो सांगणार नाही, तेवढा तो चांगला आहे. मी चांगली नाही, म्हणून विचारशील तर नावं सांगीन.

माझा राग आहे तसाच राहू दे, त्याची काळजी करू नकोस. तब्येत सांभाळ.

चिमणाबाई

* * *

शाहूपुरी, कोल्हापूर
६ एप्रिल २०२५

ती. आक्कांस,
बनाचा शि. सा. न. वि. वि.

घराची हालत बघितलीत तर तुम्हाला हसू येईल आणि मग माझी दया येईल. सातही भोकांवर निळा प्लास्टिक कागद ठोकलाय. वारा आला की फडफडतो आणि घर कोणत्याही क्षणी उडून जाईल असं वाटतं. एक कोपरा फाटला आणि पारव्यांनी देवघरावर घरटं केलं. यशराज झाडू घेऊन मागं लागला तर यांनीच अडवलं. अंडी घातलीत, राहू दे, म्हणाले. अंडी दिसली की माणूस मऊ होतो, मला गंमत वाटली.

यांनी सुताराचा प्रयत्न करून बघितला. दोघेतिघे येऊन मापं घेऊन गेले. जुना साग मिळायला हवा, झडपांचं काम हातानं करायचं, दिवाळीच्या आत होणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. कराडहून विहीणबाई आल्या होत्या. घर बघून म्हणाल्या, स्थळ ठरवायला आलो तेव्हा केवढ्या देखण्या खिडक्या होत्या, आमच्या शिवानीला त्याच आवडल्या होत्या, कुठं गेल्या? यांचा चेहरा असा झाला की मी चहाच्या निमित्तानं आत निघून गेले. आत जाऊन हसले. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

आता मात्र हे खचलेत. जेवताना मधेच थांबतात. परवा मला विचारलं, प्रियाच्या इमारतीचं नाव काय. मी म्हटलं, मला काय माहीत, माझ्या फोनमध्ये नंबर तरी आहे का? जातील असं वाटतंय. इतकी वर्षं त्यांचं ऐकलं, एकदा त्यांना वाकलेलं बघायचंय मला. बायकोनं असं लिहू नये, पण लिहिलं.

एक विचारायचं होतं. हे सगळं प्रियासाठी चाललंय, तर तुम्ही प्रियाला विचारलंत का? की तिलाही अक्षता आल्यावरच कळणार? मोठ्यांना शिकवायची माझी पायरी नाही, मनात आलं म्हणून लिहिलं.

पिराजीजवळ शेवग्याच्या शेंगा पाठवल्यात. आठवण असू द्यावी, शेंगा संपल्यावरही.

आपली,
बना

* * *

शाहूपुरी, कोल्हापूर
२१ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
सयाजीचा नमस्कार.

गेलो होतो. काल रविवारी. एकटाच.

जावईबापू खालपर्यंत घ्यायला आले. मी लिफ्टपाशी घुटमळत होतो ते त्यांनी वरून बघितलं असावं. चपला कुठं काढू विचारलं तर म्हणाले, मामा, कुठंही काढा. सोफ्यावर बसलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, शेजारी दाजींचा फोटो आहे, हार घातलेला. दाजी माझ्याकडेच बघत होते असं वाटलं. चहा घेतला, कपात थेंब ठेवला नाही, हवं तर विचार तिला. अक्षता दिल्या. दोघांच्या हातात दिल्या. यशराजच्या लग्नाला या म्हणालो.

तुला खोटं वाटायला नको म्हणून सांगतो, मी तिला हेही सांगितलं की आक्काची अट आहे म्हणून आलोय, न्हायतर आलो नसतो. ती रागावली नाही. हसलीसुद्धा नाही. अक्षता देवापुढं ठेवते म्हणाली आणि ठेवल्या. येते म्हणाली नाही. न्हाय असंही म्हणाली नाही.

परत येताना जिन्यानं आलो. का ते माहीत नाही.

तुझी अट पुरी झाली. खिडक्या पाठव. आणि आता जे काही असेल ते मिटव, मी थकलोय.

सयाजी

* * *

नागाळा पार्क, कोल्हापूर
२३ एप्रिल २०२५

प्रिय आईस,
सा. न.

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आधी ओरडतेस, मग रडतेस, आणि मी काय सांगणार होते ते राहून जातं. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

मामा येऊन गेले ते तुला कळलं असेलच. खरं सांगू, दार उघडलं आणि त्यांच्या हातात अक्षतांची वाटी बघितली तेव्हा क्षणभर मला फार बरं वाटलं. मला वाटलं, मामाला माझी आठवण आली. मग त्यांनी अटीचं सांगितलं. सरळ माणूस आहे, लपवलं नाही. त्या वेळी मला त्यांचा राग आला नाही, आई. तुझा आला.

ज्या दिवशी खिडक्या लागल्या त्या दिवशी मान माझी खाली गेली होती. घोडागाडीत मी बसले होते. मला मामा त्या खिडकीत दिसायला हवा होता, आपल्या मनानं आलेला. तो तू मला आणून देऊ शकत नाहीस, आणि अट घालून तर नाहीच. तू मला धरून आणलेला माणूस दिलास. तीन वर्षं माझ्या नावानं तू भांडलीस, शपथ घेतलीस, अर्ज केलास, आणि तुला काय हवंय असं एकदाही विचारलं नाहीस. प्रसेनजीत गोठ्यात म्हशी तपासायला आला तेव्हा त्यानं खिडक्या बघितल्या. घरी येऊन मला सांगितलं आणि उगाच हसला. त्याचं ते हसणं मला अजून आठवतं. आपलं लग्न हा कुणाच्या तरी भांडणाचा विषय आहे, हे त्याला तुझ्या गोठ्यात पुन्हा बघावं लागलं.

आम्ही लग्नाला येणार नाही. हे मोठेपणानं म्हणत नाही. मलाही राग आहे आणि तो मला ठेवायचा आहे. तुझी मुलगी आहे मी.

खिडक्यांचं मी असं ठरवलंय. तू सगळ्यांना सांगत होतीस की त्या प्रियासाठी घेतल्यात, तर मग त्या माझ्या आहेत. प्रसेनजीतनं रविवारी टेम्पो आणि दोन सुतार सांगितलेत. गोठ्यातून त्या नीट काढून, धुऊन-पुसून, मामांच्या घराला बसवून देतील. खर्च आमचा. लग्नात आहेर माइकवरून सांगतात, तेव्हा आमचा आहेर सांगायला हवा. मी यशराजला चिठ्ठी दिली आहे: सात सागवानी खिडक्या, सौ. प्रियदर्शनी आणि डॉ. प्रसेनजीत यांच्याकडून. मांडवात सगळ्या भावकीसमोर वाचली जाईल. भाचीचा आहेर मामाला परत करता येत नाही. त्या घरात उजेड येईल तो आमच्याकडून येईल, हे मामांनी रोज सकाळी बघावं.

तू जा लग्नाला. तुझं माहेर आहे. गुडघ्यांसाठी पट्टा पाठवतेय, तो घालूनच जा.

तुझी,
प्रिया

* * *

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

कसबा बावडा
१४ मे २०२५

चि. सौ. बना हीस,
चिमणाआक्काचे अनेक आशीर्वाद. सूनबाईलाही माझे आशीर्वाद सांग. पोरगी आवडली, डोळ्याला डोळा भिडवून बघते, नजर खाली घालत नाही.

लग्न थाटात झालं. तू वरमाई, तुला धावपळीत काय दिसलं आणि काय नाही, कोण जाणे, म्हणून मी बघितलं ते लिहिते.

मी जाणार नव्हते. प्रियाचं पत्र आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहिल्यांदा चिडले, अंगाचा तिळपापड झाला. इतकं करून ही पोर म्हणते माझ्यासाठी केलं नाहीस. मग खिडक्या काढायला सुतार आले. प्रसेनजीत स्वतः उभा होता. एकही काच तडकू दिली नाही, आणि जाताना म्हणाला, आई, भिंतीला विटा लावून घ्या, म्हशींना झळ लागेल. माझ्याशी तो नेहमी असाच बोलतो. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवलं नाही.

तरी लग्नाला आले, का ते सांगते. आहेर वाचला जाईल तेव्हा सयाचं तोंड मला बघायचं होतं. एवढं तरी माझ्या वाट्याला यावं असं वाटलं. पट्टा घालून, जरीची साडी नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. ती कुणासाठी अडवली होती, ते मला विचारू नकोस.

माइकवाल्यानं भांडी वाचली, पाकिटं वाचली, मग खिडक्या वाचल्या. प्रियाचं आणि प्रसेनजीतचं नाव सगळ्या मांडवानं ऐकलं. माना वळल्या. भावकीतली ती ठरावीक तोंडं आंबट झाली, ते मी डोळे भरून बघितलं. सया स्टेजच्या पायरीवर उभा होता. पांढराफटक पडला. मला वाटलं, आला, आला माझा दिवस.

तेवढ्यात तुझी विहीण मानाच्या साड्या घेऊन आली. एक मला दिली. दुसरी हातात धरून म्हणाली, एवढा देखणा आहेर करणारी भाची कुठं आहे, तिचाही मान करायचाय, पुढं बोलवा की तिला. माझ्या तोंडाला तू ओळखतेस. बावड्यात मला कुणी शब्दात धरू शकत नाही. पण मी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी तेवढी उचलून मांडीवर घेतली.

मग सया बोलला. पायरीवरून खाली आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ती आली न्हाय. तिला बोलवायला आम्ही तीन वर्षं लावली, ती का म्हणून ईल?"

आणि नंतर काय झालं माहीत आहे? जेवणाच्या पंगतीत मी माझ्या कानांनी ऐकलं. लोक म्हणत होते, सयाजीराव केवढ्या मनाचा माणूस, चारचौघांत चूक कबूल केली. त्याच तोंडांनी म्हणत होते, ज्यांनी तेव्हा त्याला खिडक्या लावायला लावल्या. सूड मी घेतला आणि मोठेपणा त्याला मिळाला. निघताना तो माझ्या पाया पडला. मी शपथेमुळं बोलले नाही, डोक्यावर हात ठेवला. शपथ नसती तरी काय बोलले असते ते मला ठाऊक नाही.

मला जे हवं होतं ते सगळं झालं, बना. तो तिच्या दारात गेला, वाकला, तिचं नाव मांडवात गाजलं. मी म्हटलं होतं, मग माझा जीव थंड होईल. झाला नाही.

विहीणबाईंनी दिलेली प्रियाची साडी माझ्याकडेच आहे, मोरपंखी आहे, तिला शोभेल. पिराजीबरोबर पाठवायची नाही, मी स्वतः घेऊन जाणार आहे. पण लग्न होऊन तीन दिवस झाले, रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, माझे गुडघे विचारते, म्हशी विचारते, जेवलीस का विचारते. लग्न कसं झालं ते तिनं अजून विचारलेलं नाही.

तुमच्या घरात आता चांगला उजेड येत असेल. सयाला साखर कमी घाल चहात. तुम्हा सगळ्यांवर माझी माया आहे, ती तशीच धरावी.

तुझी,
आक्का